तळहात बरे झाले तेव्हा

मामांचे तळहात बरे झाले तेव्हा आत्तींनी मारुतीला नारळ फोडला होता.

मामा म्हणजे माझे सासरे, जोतीराम. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. फौजेतून आल्यावर मामांनी पलूसजवळच्या आमच्या गावात द्राक्षबाग लावली, आणि बागेचं त्यांना असं काही कळायला लागलं की गावात कुणाच्या पानावर डाग दिसला तरी पहिलं बोलावणं मामांनाच. पान उलटं करून बघायचे, वास घ्यायचे आणि बुरशीचा रोग ओळखून सांगायचे, ही डावणी, ही भुरी, ह्याला हे मारा, त्याला ते मारा. मापाला मात्र पक्के. आमच्या बागेत फवारणीला येणाऱ्या आकारामनं एकदा पंपात औषध कमी घातलं, तर मामांनी त्याला भर बागेतून हाकलून दिलं होतं.

गेल्या वर्षी मामांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण यकृतावर डाग राहिले होते. त्यांच्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर. थोडे दिवस पुऱ्या मापानं घ्यायच्या, मग अंग सावरायला आठवडाभर सुट्टी, मग पुन्हा. अशा पाळ्या.

पहिल्याच पाळीत गोळ्यांनी मामांचे तळहात लाल झाले आणि साल सुटायला लागली. भाकरी मोडता येईना. फळछाटणी तोंडावर आलेली आणि कात्री हातात धरवेना. माझी शर्वी तेव्हा नुकती बसायला लागली होती. मामा तिला उचलायला गेले आणि तसेच थांबले. म्हणाले, "घे गं हिला. हातात इस्तू धरल्यागत हुतंय."

शर्वीला घेता येईना, हे त्यांना छाटणीपेक्षा जास्त लागलं होतं. ती दोन्ही हात वर करून त्यांच्याकडं झेपावायची आणि मामा हात मागं बांधून, परेडला उभे राहिल्यासारखे उभे.

पण दुसऱ्या पाळीपासून तळहात निवळले. तिसऱ्या पाळीत तर मामा स्वतः छाटणीला उतरले. आत्ती म्हणाल्या, "मानवलं बाई अंगाला औषध," आणि नारळ घेऊन देवळात गेल्या. जयराज, म्हणजे शर्वीचे बाबा, तिकडं सीमेवर. त्यांना मी फोनवर मामांच्या हातांचा फोटो पाठवला. शर्वी त्या हातांत बसलेली.

मीही आनंदले होते. वास्तविक मला तरी शंका यायला हवी होती, कारण माझं कामच हे. कऱ्हाडच्या एका प्रयोगशाळेत मी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवते. घरी कुणी कधी विचारत नाही, मीही सांगत नाही. गावात म्हणतात, रेश्मा रक्त तपासती.

पेशी चपट्या बाटलीत वाढतात, तळाला चिकटून, फरशा बसवल्यासारख्या. त्यांच्यावर औषध घातलं की त्या मरतात. पण माणसाच्या अंगात पुष्कळदा असं होतं की औषध पहिल्यांदा चालतं आणि मग चालायचं थांबतं. पेशी त्याला दाद देत नाहीत. त्यांचा हा चिवटपणा मोडायचा कसा, हे आम्ही शोधतो. आणि मोडायचा तर आधी तो तयार करावा लागतो. म्हणजे चिवट पेशी आम्हीच घडवतो. औषध द्यायचं, पण सगळ्या मरणार नाहीत इतकंच. मग थांबायचं. ज्या वाचल्या त्यांना सावरू द्यायचं, वाढू द्यायचं. मग पुन्हा द्यायचं, किंचित जास्त. पुन्हा थांबायचं. अशानं महिन्यामहिन्यांनी एक दिवस येतो, की ज्या मापानं त्यांच्या बहिणी मेल्या, त्याच मापात ह्या सुखानं नांदतात.

त्याच दिवसांत मी शर्वीला वरचं खायला शिकवत होते. एक चमचा नाचणीची पेज, मग थांबायचं, पोटाला मानवते का बघायचं, मग दोन चमचे. सकाळी घरी हे आणि दुपारी बाटल्यांशी ते. कधी कधी पेशींना औषध घालताना माझ्या तोंडून चुकून "आऽ कर" निघायचं आणि शेजारच्या मुली हसायच्या.

तर मिरजेच्या दवाखान्यात मामांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर सबीनांनी नवा स्कॅन समोर धरला, तेव्हा त्या काय म्हणणार हे मला आधीच कळलं.

"बाबा, डाग वाढलेत," त्या म्हणाल्या. "ह्या गोळ्यांना रोग सरावलाय असं दिसतंय. औषध बदलावं लागेल. पुढचं सलाइनमधून द्यायचं असतं आणि जरा जड असतं. गोळ्या चुकल्या नव्हत्या ना?"

"व्यवस्थित घेतल्यात," मामा म्हणाले.

"म्या सोता ताटापाशी ठिवते, डाक्टरीणबाई," आत्ती म्हणाल्या. "एक दिस चुकू दिला न्हाई."

डॉक्टरांनी मामांचे हात हातात घेतले, उलटे-सुलटे केले. "हात तर छान राहिलेत," म्हणाल्या आणि क्षणभर त्या हातांकडं बघतच राहिल्या. मग बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. "पुढच्या आठवड्यात या. नवं औषध सुरू करू."

परतताना गाडीत मी शर्वीला पदराखाली घेतलं होतं आणि डोळ्यांसमोर बाटलीतल्या फरशा दिसत होत्या. ह्या पेशी मी रोज बघते. त्या मामांच्या अंगात आहेत, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बागेचे नानासो चौकशीला आले. मामा आणि ते बाहेर कट्ट्यावर बसले. मी आत शर्वीला पेज भरवत होते.

"काय रं जोत्या, डाक्टर काय म्हणतोय?"

"डाक्टरीण हाय. म्हणतीया, रोग औषधाला सरावला."

"मग रं आता?"

मामा हसले. अगदी मोकळं हसले. "सरावंल कसा? म्या सरावू दिलाच न्हाई. नाना, बागंत एकच औषध सलग मारलं तर डावणी काय करती?"

"सरावती की."

"मग! पयल्या पाळीतच म्या वळखलं. तवापास्नं काय दिस गोळी, काय दिस गुळवेलीचा काढा. पुना गोळी. हात लाल व्हाया लागलं की अर्धी, न्हाईतर बंद. रोगाला कळूच द्यायचं न्हाई, उद्या काय येणार हाय ते."

"गड्या, तू डाक्टरच व्हायचास."

"फौजेनं न्हेलं, न्हाईतर झालोच असतो."

दोघं खो खो हसले.

शर्वीला कडेवर घेऊन मी दारात उभी होते. हातातली वाटी कधी कलंडली कळलं नाही. कोमट पेज माझ्या पायावर ओघळली. शर्वीला गंमत वाटून तीही त्यांच्याबरोबर हसायला लागली. सगळे हसत होते, आणि माझे कान बंद झाले होते.

थोडं द्यायचं. मग थांबायचं. वाचलेल्यांना सावरू द्यायचं. मग पुन्हा.

मी कऱ्हाडला दुपारी जे करत होते, तेच मामा घरी स्वतःच्या अंगात करत होते. त्याच औषधानं.

"मामा," मी म्हणाले. "राहिलेल्या गोळ्या कुठं आहेत?"

"हायत की. टाकल्या न्हाईत म्या. फवारणीच्या खोलीत डब्यात हायत. पोरीच्या हाताला लागू नयेत म्हून कुलपात."

चुलीकडून आत्ती बाहेर आल्या. पीठ लागलेले हात तसेच. "कसल्या गोळ्या?"

नानासो चपला शोधायला लागले.

"आवं, कसल्या गोळ्या? म्या रोज ताटापाशी ठिवत हुते. पाणी आणून देत हुते!"

"तू पाण्याला गेलीस की खिशात," मामा म्हणाले. अजून त्यांच्या चेहऱ्यावर चूक केल्याचा मागमूस नव्हता. उलट, सांगायला बरं वाटत होतं. "तुला सांगितलं असतं तर तू बसली असतीस रडत."

आत्ती उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या अकलंवर भुरी पडली व्हय वो? देवाला नारळ फोडला म्या. त्या हातांसाठी!"

मामांना मी समजावून बघितलं. मी म्हणाले, "बागेत तुम्ही औषध बदलता, तेव्हा दुसरंही औषधच असतं. पुऱ्या मापाचं. मध्ये मोकळं सोडत नाही."

"गुळवेल औषध न्हाई? माझ्या आईनं अख्खा गाव त्येच्यावर उठवलाय."

"मामा, मी रोज ह्याच पेशी बघते. हे असं थोडं थोडं दिलं की त्या शिकतात."

"पोरी, तू बाटलीतलं बघतीस," मामा म्हणाले. रागानं नाही, पानाचा डाग दाखवताना बोलतात तसं. "बाग बाटलीत मावत न्हाई."

"मग बाटली तरी येऊन बघा."

मला वाटलं नव्हतं, पण ते आले. विश्वजीत सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना मी सगळं सांगितलं, तेव्हा ते उठले आणि पाहुण्यांसाठीचा पांढरा कोट स्वतः घेऊन आले. शर्वी आणि आत्ती बाहेरच्या बाकावर बसल्या. मामांनी कोट घातला, चपलांवर निळ्या पिशव्या चढवल्या. म्हणाले, "फौजेत बी एवढी कडक वर्दी न्हवती."

सूक्ष्मदर्शकाखाली मी पहिली बाटली ठेवली. मामा वाकले. एक डोळा मिटायची गरज नसते, पण त्यांनी मिटला, बंदुकीचा नेम धरल्यासारखा.

"ह्यांना काहीच दिलेलं नाही," मी म्हणाले.

"दाट हाय. मोकळी जागा न्हाई कुठं."

दुसरी ठेवली. "ह्यांना तुमच्या गोळीतलं औषध, पुऱ्या मापानं."

हिच्यात पेशी तळ सोडून, गोल होऊन तरंगत होत्या. इकडं चार, तिकडं दोन.

"गळ झाली," मामा म्हणाले. घडातले मणी गळतात त्याला आमच्याकडं गळ म्हणतात. त्यांचा आवाज खुलला होता. "लागू पडतंय की औषध!"

मी तिसरी ठेवली. मामा वाकले आणि बघत राहिले. मग वर बघितलं. "हिच्यात औषध घालायचं इसरलीस तू."

"नाही मामा. जेवढं दुसरीत, तेवढंच हिच्यात आहे."

"दाट हाय ही."

"हो."

"पयल्या बाटलीगत हाय."

"हो."

"मग ह्या का मरत न्हाईत?"

बाहेरून शर्वीच्या किरकिरण्याचा आवाज येत होता आणि आत्ती तिला कावळ्याची गोष्ट सांगत होत्या. "ह्यांना आम्ही आधी थोडं थोडं दिलं, मामा," मी म्हणाले. "मग थांबलो. सावरू दिलं. पुन्हा थोडं दिलं. पुन्हा थांबलो. काही महिने."

मामा पुन्हा वाकले. खूप वेळ तसेच राहिले. मी त्यांचा चेहरा बघू शकत नव्हते, फक्त मान दिसत होती, उन्हानं रापलेली, आणि कोटाची पांढरी कॉलर. त्यांचा हात टेबलाची कड चाचपत होता, कुठं धरायचं ते न कळल्यासारखा. मी खुर्ची पुढं सरकवली. मामा बसले.

"आकाराम," ते म्हणाले.

"काय?"

"पुरं माप घातलं की त्येचं हात भाजायचं. म्हून अर्धं घालायचा. भुरी हटंना. त्येला म्या भर बागंत म्हणालो, अर्धं मारलंस तर ती मरत न्हाई भाड्या, शिकती." ते स्वतःच्या तळहातांकडं बघत होते. "म्याच म्हणालो हुतो."

विश्वजीत सर दारात होते, ते हळूच मागं सरले.

"म्हंजी म्याच पोसली," मामा म्हणाले. "अन् मी म्हणतोय, रोगाला फसीवलं."

त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ते स्ट्रेचरवरून नर्सची चेष्टा करत आत गेले होते. मला वाटलं, कशाला आणलं मी ह्यांना इथं. मी घरीच त्यांच्या पाया पडले असते तर ऐकलं नसतं का? मग आठवलं, नसतं ऐकलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग आता ह्यांना मारायचं कसं?"

मी चौथी बाटली आणली. त्याच चिवट पेशी, पण हिच्यात आम्ही जुन्या औषधाच्या जोडीला आणखी एक घातलं होतं. औषध आत आलं की पेशी ते बाहेर ढकलून वाचतात, तर हे दुसरं तो ढकलायचा रस्ताच बंद करतं. निदान आमचा तसा अंदाज आहे. मामांनी बघितलं. बऱ्याच पेशी गोल होऊन तरंगत होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

मामा ताठ झाले. "मिक्स हाय हे! एक आंतरप्रवाही, आत मुरणारं, एक वरनं. आपण बागंत करतो तसं." डोळ्यांत एकदम तेज आलं. "मग हेच दे की मला. आजच दे."

ह्या एका प्रश्नाची मला सकाळपासून भीती वाटत होती.

"मामा, हे अजून माणसाला द्यायचं औषध नाही. ह्या बाटलीतच चाललंय. अंगात चालेल का, अंगाला काय करेल, कुणालाच माहीत नाही. त्याला वर्षं लागतात."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग डोळ्यांतलं तेज हळूहळू निवलं.

"व्हय," म्हणाले. "बाग बाटलीत मावत न्हाई."

मिरजेला त्यांनी मला बोलू दिलं नाही. डॉक्टर सबीनांच्या समोर खुर्चीवरही बसले नाहीत. हात मांडीला टेकवून, साहेबापुढं उभं राहावं तसे उभे राहिले आणि सगळं सांगितलं. खिशातल्या गोळ्या, गुळवेल, अर्धी, बंद. काही लपवलं नाही. आकारामचंसुद्धा सांगितलं, डॉक्टरांना तो कोण हे माहीत नसताना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, मी तुमचं औषध बदलायला निघाले होते," त्या म्हणाल्या. "हे औषध हरलं असं समजून. ते पोचलंच नव्हतं!"

"व्हय."

"हात सोलतात तर मला सांगायचं होतं. माप बसवून देता येतं. मलम असतं. थांबवायचं असलं तर मी थांबवीन, तुम्ही नाही." मग त्या माझ्याकडं वळल्या. "काही पेशी खरंच चिवट झाल्या असतील. काही नसतीलही. आज मला सांगता येणार नाही. आधी हेच औषध नीट देऊन बघू, मग पुन्हा स्कॅन. नाहीच ऐकलं, तर पुढचं आहे."

"आणि उशीर झाला असंल तर?" आत्तींनी विचारलं.

डॉक्टरांनी आत्तींच्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

आता द्राक्षं उतरायला आलीत. बागेत माणसं आहेत, आकारामही आहे. मामा स्वतः त्याच्या घरी गेले होते. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आकारामच्या हातात नवे रबरी हातमोजे दिसायला लागले.

मामांना कात्री धरवत नाही. ते बांधावर खाट टाकून बसतात आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना शिव्या देतात. जेवण झालं की आत्ती गोळी हातावर ठेवतात आणि पाण्याला जात नाहीत. पाणी आधीच आणलेलं असतं. मामा गोळी गिळतात आणि शर्वीपुढं तोंड उघडतात, "आऽ". शर्वीला हे पेजेवरून माहीत आहे, घास संपला की तोंड उघडून दाखवायचं. ती खाटेला धरून उभी राहते, आजोबांच्या तोंडात वाकून गंभीरपणे बघते, बोट घालून जीभ चाचपते आणि मगच टाळ्या वाजवते.

"पास केलं बघा ठमाबाईनी," मामा म्हणतात.

काल दुपारी मी बागेतून जात होते, तर मामांनी हाक मारली. "रेश्मा, हिकडं ये. बघ." आणि दोन्ही हात पुढं केले.

तळहात लालभडक झाले होते. बोटांच्या पेरांना साल सुटली होती, अंगठ्याखाली कातडं चिरलं होतं. मागच्या वेळेइतकं वाईट नाही, पण तसंच. शर्वी त्यांच्या मांडीवर बसली होती, आणि मामांनी हात दोन्ही बाजूंना हवेत धरले होते, तिला न लागता.

"लय भाजतंय का?" मी विचारलं.

"इस्तू," ते म्हणाले.

मी त्या हातांकडं बघत होते, आणि माझ्या छातीत काहीतरी उसळून वर आलं. आनंद. चक्क आनंद. त्याचाच मला असा धक्का बसला की मी बांधावरच बसले. म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलतेय आणि त्याची सून हसतेय, डोळ्यांतून पाणी काढत हसतेय. पण मामाही हसत होते.

"पोचतंय गं," ते म्हणाले. "पोचतंय."

आत्ती मलमाची डबी घेऊन आल्या. हसणाऱ्या आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. खाटेच्या कडेला बसल्या, मामांचा एक हात आपल्या मांडीवर घेतला आणि लावायला सुरुवात केली. हळू, बोटाबोटाला, जिथं फाटलंय तिथं फुंकर घालत. शर्वीनं बघितलं आणि तीही दुसऱ्या हातावर फुंकर घालायला लागली. फुंकर तिला अजून येत नाही. नुसती थुंकी उडते.